मुकुटावरची रेघ

राजाचा शिक्का फोडायचा तर घरातलं प्रत्येक सज्ञान माणूस समोर हजर पाहिजे, असा या घराचा चार पिढ्यांचा नियम होता. म्हणून तर दोन वर्षं ज्यानं इकडे फिरकून पाहिलं नव्हतं, तो धाकटाही रविवारी सकाळी अकराच्या ठोक्याला येऊन कारखान्यातल्या बाकावर बसला. भाऊनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि खिडकीतून गल्ली बघत उभा राहिला, जणू ही गल्ली त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"आलास?" आक्कानं भिंगाला लावलेला डोळा न काढताच विचारलं.

"बोलावलंस म्हणून आलो."

"मी कशाला बोलावते? नियमानं बोलावलं. चहा घे, निवतोय."

धाकटा बंदरावरच्या कामगार संघटनेचा चिटणीस आणि भाऊ राजवाड्याच्या दफ्तरखान्यातला वरिष्ठ कारकून. दोघं एकाच आईच्या पोटचे, याचं गल्लीला आजही नवल वाटे. दोन वर्षांपूर्वी जेवता जेवता धाकट्यानं राजाची तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगली, तेव्हा "एक तर ही तसबीर राहील नाही तर हा" असं भाऊ म्हणाला होता. तसबीर राहिली. मध्ये पडायला हवं होतं ते वडील, तात्या, त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, आणि ते आक्काच्या मनातून अजून गेलेलं नव्हतं.

आक्का सगळ्यांत थोरली. छप्पन्न वर्षांची, सडसडीत, फटकळ, आणि हात असा की तात्यांची नजर गेल्यापासूनच नव्हे, त्याच्याही आधी कितीतरी वर्षं राजाचे शिक्के तीच कोरत आली होती. कारागिरीची सनद मात्र भाऊच्या नावावर होती, कारण सनद पुरुषालाच मिळायची. भाऊला साधा बटाटा सोलता येत नसे. ही गोष्ट राजवाड्यापासून गल्लीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळे मिळून ती ठाऊक नसल्याचं दाखवत होते.

शिक्का म्हणजे तळहाताएवढी पितळेची जाड चकती, तिच्यावर उलटं कोरलेलं राजचिन्ह, त्याच्यावर मुकुट, कडेनं राजाचं नाव. गरम लाखेवर तो दाबला की कागदाचा हुकूम व्हायचा. न दाबला तर कागद तो कागदच. राज्यात एका वेळी एकच शिक्का असायला हवा, दोन झाले की दोन राजे झाले. म्हणून नवा शिक्का पूर्ण करायचाच नाही, मुकुटाच्या टोकावरची एक रेघ ठेवून द्यायची. राजवाड्यातून जुना यायचा, सगळ्यांसमोर ऐरणीवर फोडायचा, फोडल्याच्या कागदावर सगळ्यांनी सह्या करायच्या आणि मग ती शेवटची रेघ मारून नवा हवाली करायचा. आजोबांचा शिक्का एकवीस वर्षं चालला होता, तात्यांचा चौदा. या राजाचा नऊ वर्षांत आज चौथा फुटायचा होता.

कारण सोपं होतं. याचा बाप लोकसभेला विचारून राज्य करायचा, महिन्याला दोन-चार हुकूम काढायचा. ह्यानं लोकसभा दोनदा घरी पाठवली आणि वटहुकुमांचा सपाटा लावला. दुकानं उघडायच्या वेळेवर वटहुकूम, सभेत टाळ्या वाजवण्यावर वटहुकूम, आणि सरकारी मोटार जात असताना शिट्टी मारू नये म्हणून तर तीन-तीन वटहुकूम. लोक काही शिट्ट्या मारायचे थांबले नाहीत, शिक्का मात्र झिजत गेला. राज्याची तब्येत वर्तमानपत्रांच्या आधी आक्काला कळत असे.

गेल्या गुरुवारी राजानं तिसऱ्यांदा लोकसभा बरखास्त केली. या वेळी सभासद उठलेच नाहीत. सभागृहातच पथाऱ्या टाकून बसले, आणि त्यांना कुणी बाहेर ओढू नये म्हणून गावातली माणसं सभागृहाकडे जाणाऱ्या पुलावर येऊन बसली. पुलाच्या अलीकडच्या टोकाला पलटण उभी होती. तिच्यात एक लेफ्टनंट होता, चोवीस वर्षांचा, भाऊचा मुलगा; पलटणीत असलेल्याला घरातल्या हजेरीची तेवढी सूट असे.

"आक्का," धाकटा हळूच जवळ सरकला, "कडेचं एखादं अक्षर चुकव ना. उलटं कोरताना चूक व्हायचीच. कुणाच्या लक्षात येतंय?"

"तुझ्या संघटनेचं पत्रक आहे होय हे, चुका राहू द्यायला?" आक्का म्हणाली. "माझ्या हातून वाईट काम होणार नाही. राजासाठी नाही आणि तुझ्या क्रांतीसाठी तर मुळीच नाही."

"ऐकलं?" भाऊ खिडकीशी वळला. "असले उद्योग शिकवायला आलाय हा. तात्या, तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

तात्या ऐरणीशेजारच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, डोळे सहा वर्षांपूर्वीच गेलेले. "आपण शिक्का करतो, हुकूम करत नाही," ते म्हणाले. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर असे आणि आजवर ते पुरत आलं होतं.

वहिनीनं सगळ्यांच्या हातात पुन्हा चहा दिला. ती भाऊची बायको, म्हणजे वहिनी खरी फक्त धाकट्याची, पण तिला सगळं घरच वहिनी म्हणे. राजवाड्याच्या बागेतल्या मेजवानीचं वर्षातून एकदा आमंत्रण येई आणि उरलेले अकरा महिने ती त्या मेजवानीबद्दल बोले. आज ती एक शब्द बोलली नव्हती. दिराला मात्र तिनं साखर न विचारता बरोबर घातली, आणि ते भाऊनं पाहिलं.

पावणेबाराला राजाचे सचिव आले. एरवी चार स्वार पुढे, चार मागे असत. आज एक हवालदार, एक शिपाई आणि स्वतःच्या काखोटीला मारलेली चामडी पिशवी. मोटार गल्लीच्या तोंडाशीच सोडून ते चालत आले होते.

"शिट्ट्या फार," ते घाम पुसत म्हणाले. "चला, आटपून घेऊ. जरा घाई आहे."

घाई हा शब्द या कारखान्यात कुणी उच्चारत नसे. आक्कानं जुना शिक्का भिंगाखाली धरला. वहीतल्या ठशाशी ताडून पाहिला. चिन्ह गुळगुळीत झालं होतं, राजाच्या नावातली दोन अक्षरं पुरती गेली होती, पण शिक्का तोच होता. तो ऐरणीवर ठेवून तिनं तात्यांचा हात धरून त्याला लावला, तात्यांनी मान हलवली, आणि तिनं घाव घातला. झिजलेलं पितळ एकाच घावात दुभंगलं. आक्कानं सही केली, भाऊनं केली, वहिनीनं केली, धाकट्यानं केली, तात्यांनी चाचपत केली. सचिवांनी केली आणि शाई वाळायच्या आत पिशवी उघडली.

"बाई, तुमच्यासाठी एक चांगली बातमी आणलीय," ते म्हणाले आणि एक जाड कागद टेबलावर पसरला.

ती सनद होती. नवी. राजाच्या शिक्क्याचे कारागीर म्हणून त्यात आक्काचं नाव होतं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, वळणदार अक्षरांत. खाली लाखेसाठी गोल जागा मोकळी सोडली होती.

"महाराजांनी स्वतः सांगितलं. बाईमाणूस म्हणून इतकी वर्षं अन्याय झाला. आता फक्त शिक्का उमटायचाय. तुम्हीच रेघ मारा आणि तुम्हीच पहिला ठसा आपल्या सनदेवर उमटवा."

आक्कानं तो कागद हातात घेतला. तिला तो हवा होता. उगाच कशाला खोटं बोलायचं, विशी उलटल्यापासून तिला तो हवा होता. प्रत्येक नवा शिक्का बाहेर पडताना भाऊ कोट घालून फोटोला उभा राही आणि ती मागच्या खोलीत हात धूत असे. आपलं नाव असं लिहिलेलं दिसतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं. तिचे कान गरम झाले.

"आणि दुसरा ठसा?" तिनं विचारलं.

"अं?"

"पिशवीत आणखी एक कागद आहे. त्याच्यासाठी घाई आहे ना?"

सचिव जरा घुटमळले. "सेनापतींना काल एक हुकूम धाडला होता. त्यांनी परत पाठवला. म्हणाले, ठसा पुसट आहे, वाचता येत नाही."

आक्कानं ऐरणीवरच्या दोन तुकड्यांकडे पाहिलं. परवाच्या वटहुकुमावर हाच ठसा होता आणि शिट्टी मारणाऱ्या नऊ पोरांना त्याच वटहुकुमावर आत टाकलं होतं. तेव्हा तो सगळ्यांना वाचता आला. ज्याला हुकूम पाळायचा असतो त्याला पुसट ठसाही वाचता येतो. चाळीस वर्षं नोकरी केलेला सेनापती अक्षरं दिसत नाहीत म्हणतो, म्हणजे त्याला चष्मा नको होता, सबब हवी होती. तिला एकदम सगळं चित्र स्वच्छ दिसलं. राजाकडे आता फक्त लाख उरली होती आणि उरलेलं सगळं तिच्याकडून घ्यायला हा माणूस चालत आला होता.

"कागद वाचू द्या," ती म्हणाली.

"कारागिरानं हुकूम वाचायची पद्धत नाही, बाई."

"खरंय. कारागिरानं घाई करायचीही पद्धत नाही. मग मी आधी जेवून घेते, दुपारी जरा पडते, आणि उजेड कलला की उद्या बघू."

सचिवांनी कागद पुढे केला. चार पिढ्यांत या घरातल्या कुणीही न केलेली गोष्ट आक्कानं केली. हुकूम मोठ्यानं वाचला.

"पूल दुपारी तीनपर्यंत रिकामा करावा. लागतील ती सर्व साधनं वापरावीत. पहिली तुकडी, अलीकडचं टोक."

वहिनीनं हातातला ट्रे सांभाळून टेबलावर ठेवला. "पहिली तुकडी म्हणजे आपला बाळ्या," ती भाऊला म्हणाली. "अहो, आपला बाळ्या आहे तिथं. तो गोळ्या घालणार? कुणाला? त्याचे मास्तर बसलेत पुलावर, न्हाव्याची दोन्ही पोरं बसलीत, आणि हे," तिनं धाकट्याकडे बोट केलं, "हे इथून उठले की तिथंच जाऊन बसणार आहेत. सख्खा काका."

"तू गप्प बस," भाऊ म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"तीस वर्षं गप्पच बसले. मेजवान्यांना जाऊन बसले ती गप्पच बसले. आक्का, तुम्ही ती रेघ मारलीत तर मी या घरात पाणी पिणार नाही. सांगून ठेवते."

धाकटा तोंड उघडणार होता. वहिनीनं त्याला हातानंच थांबवलं. तुमचं भाषण नको, असा तो हात होता, आणि त्यानं तो पाळला.

"तात्या," सचिव आता म्हाताऱ्याकडे वळले, "तुम्ही तीन राजांचं मीठ खाल्लंय. या घराचा नियम काय सांगतो?"

"जुना फोडला की नवा द्यायचा," तात्या म्हणाले. "तोच नियम."

भाऊनं मान खाली घातली. आक्काला वाटलं होतं की तात्या आजही असंच काहीतरी बोलतील, आणि ते तसंच बोलले. तिला त्यांचा राग आला, मग वाईट वाटलं, आणि मग तिनं त्यांच्याच हत्यारानं काम करायचं ठरवलं.

"तात्या, नियम मला तुम्हीच पाठ करायला लावला होता. जुना फोडल्याशिवाय नवा पुरा करायचा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"फोडल्यावर किती दिवसांत पुरा करायचा, ते कुठं सांगितलंय?"

तात्यांनी हनुवटी काठीवरून उचलली. त्यांचे ओठ हलत होते. पणजोबांपासूनचा सगळा नियम ते पहिल्या शब्दापासून मनात म्हणून पाहत होते. काठीवरची त्यांची बोटं थांबली.

"कुठंच नाही," ते म्हणाले. "तसं काही सांगितलेलं नाही."

"झालं तर." आक्कानं कोरणी पुसली आणि तिच्या खाचेत ठेवून दिली.

"मग अपुराच द्या!" सचिव उठून उभे राहिले. "एका रेघेनं काय अडतंय?"

"त्या एका रेघेसाठीच तुम्ही इथवर चालत आलात ना? ती नसेल तर हे नुसतं पितळ. सेनापतींना आज म्हणे फार बारीक दिसतंय."

सचिवांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "हवालदार! तो शिक्का ताब्यात घ्या."

हवालदार आत आला. मिशाळ, पोट सुटलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस. त्यानं शिक्क्याकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं, ऐरणीवरच्या तुकड्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"लेखी हुकूम, साहेब?"

"मी तोंडानं सांगतोय ना!"

"तसं नाही चालत, साहेब. गेल्या साली आपल्याच शिपायांनी लोकांच्या सायकली उचलून नेल्या, तेव्हाचा वटहुकूम आहे. कुणाच्या घरातली वस्तू न्यायची तर राजाच्या शिक्क्याचा हुकूम पाहिजे. आम्हाला पाठ करायला लावलाय." आणि त्यानं खरोखरच टाचा जुळवून तो म्हणून दाखवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा धाकटा हसला. मग वहिनी, तोंडाला हात लावून. आणि मग भाऊ, ज्यानं तो वटहुकूम स्वतःच्या हातानं दफ्तरात लावला होता, तो असा हसत सुटला की त्याला बाक धरावा लागला. हवालदाराच्या चेहऱ्यावर मात्र काही दिसत नव्हतं. पाठांतर पुरं करून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

सचिव खुर्चीत बसले. बसल्यावर ते एकदम म्हातारे दिसायला लागले. वहिनीनं त्यांनाही चहा दिला. दारात आलेल्या माणसाशी भांडण असलं तरी चहाशी नसतं.

"तिकडे जाऊन काय सांगू मी?" त्यांनी विचारलं.

"खरं तेच सांगा," आक्का म्हणाली. "जुना फुटला, नवा झाला नाही."

"म्हणजे आत्ता, या घटकेला, राज्यात राजाचा शिक्काच नाही."

"नाही."

त्यांनी चहा संपवला. हुकूम पिशवीत ठेवला, मग सनद गुंडाळून त्याच पिशवीत ठेवली आणि पट्टा आवळला. पट्टा आवळेपर्यंत आक्का त्या पिशवीकडे बघत होती. सचिव गेले. गल्लीत या वेळी शिट्ट्या वाजल्या नाहीत, माणसं नुसती बघत राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी साडेचारला सभागृहात हात वर झाले, राजाचं राज्य संपलं आणि लोकांचं सुरू झालं, हे पुढे शाळेच्या पुस्तकांत आलं. सेनापतींना तीनपर्यंत वाचता येईल असा कागद मिळाला नाही म्हणून पलटण बराकीत परतली, तेही आलं. आक्काच्या कारखान्याबद्दल पुस्तकांत काहीच नाही. असायचं कारणही नाही. राजा काय एका रेघेनं जातो होय? त्याच्या बाजूची माणसं एकेक करून सबबी शोधायला लागली होती, ही फक्त शेवटची होती.

"वाईट वाटतंय?" सचिव गल्लीबाहेर पडताच धाकट्यानं विचारलं.

"वाटतंय ना. खूप वाटतंय. पण ते माझं मी बघून घेईन." आक्कानं नवा शिक्का उजेडात धरला. तिनं आजवर केलेल्या कामांत यासारखं दुसरं नव्हतं. मुकुटाचे मणी वेगवेगळे मोजता येत होते. "हा मात्र घरात ठेवता यायचा नाही. ते गेलेत ते दुसरा कारागीर शोधायला. अर्धवट शिकलेला कुणीही पाच मिनिटांत ती रेघ मारेल."

भाऊ, ज्यानं तीस वर्षांत या कारखान्यातल्या एकाही हत्याराला हात लावला नव्हता, भिंतीशी गेला आणि हातोडा काढून घेऊन आला. तो त्याला पेलतही नव्हता. "घे," तो म्हणाला. "बाळ्या तीननंतर घरी यायला पाहिजे."

आक्कानं शिक्का ऐरणीवर ठेवला.

"थांब," तात्या म्हणाले. "आधी मला दाखव."

तिनं तो त्यांच्या तळहातावर ठेवला. तात्यांनी अंगठा कडेवरून फिरवला, सावकाश, अक्षर न् अक्षर. मग चिन्हावरून. मग मुकुटावर आले आणि तिथं बोटाचं टोक मण्यामण्यावर टेकवत गेले. रिकाम्या जागेशी ते थांबले. कारखान्यात सगळे उभे होते.

"पोरी," तात्या म्हणाले, "मला असं कधी जमलं नाही."

"तात्या, काहीतरीच."

"नाही जमलं. तू बावीस वर्षांची होतीस तेव्हाच मला कळलं होतं. सांगायला पाहिजे होतं." त्यांनी शिक्का गुडघ्यावर टेकवला. "त्या दिवशी याच्या वेळीही बोलायला पाहिजे होतं." त्यांनी धाकट्याच्या दिशेनं मान वळवली. धाकटा उठून त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला.

तात्यांनी शिक्का पुन्हा एकदा मुठीत घट्ट धरला आणि मग स्वतःच चाचपत ऐरणीवर ठेवला, तोंड वर करून, अगदी मधोमध.

"फोड आता," ते म्हणाले.

आक्कानं डोळे पुसले आणि हातोडा उचलला. पितळ जाड होतं, ओतीव होतं आणि अजिबात झिजलेलं नव्हतं. त्याला चार घाव लागले.